हिरवी पूड, संत्र्याचं साल आणि खोवा: काय कधी घालायचं

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑनलाइन १०० ग्रॅम ‘ग्रीन टी पावडर’ मागवली. अर्धा किलो खोव्यात तिचे ४ मोठे चमचे घातले, साखरेसोबत लोखंडी कढईत आटवलं आणि शेवटी घरच्या संत्र्याचा रस पिळला. बर्फी हिरवी होण्याऐवजी काळपट मेंदीच्या रंगाची झाली, कडू लागते आणि तिला गवताचा वास येतो. दुसरी अडचण म्हणजे संत्र्याचा चहा करायला गेलं की दूध फाटतं. पूडच खराब निघाली की कृती चुकली? दिवाळीत पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखं काही जमेल का?

जमेल. पूड कोणत्या प्रकारची आहे हे पाकीट हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. पण उत्तम पूड असती तरी या पद्धतीनं बर्फी अशीच झाली असती. यात चार चुका एकत्र आल्या आहेत: पूड जास्त, विस्तव जास्त, भांडं लोखंडी आणि वरून आंबट रस. फाटलेल्या दुधाचं मूळही यातल्याच एका चुकीत आहे. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते.

आधी रंगाचं बघू. चहाच्या पानाचा हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. त्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा मिळाला की ते निसटतं आणि हिरव्याचा मेंदी-तपकिरी रंग होतो. हे आपण रोज चुलीवर बघतो. पालक थोडा वेळ हिरवा राहतो, पण अंबाडीची भाजी शिजायला लागली की लगेच रंग टाकते, कारण ती मुळातच आंबट. तुमच्या कढईत पूड आधी पालकासारखी शिजली आणि मग रस पडून अंबाडीसारखी झाली. काळपट झाक आली ती लोखंडामुळे. चहातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) वापरून शाई करत, ती याच गुणावर. त्यामुळे हिरव्या चहाचं कोणतंही काम स्टीलच्या जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) किंवा नॉनस्टिक कढईत करा. लोखंडी कढई आणि लोखंडी सराटा (उलथणं) दोन्ही दूर ठेवा.

कडूपणाचं कारण प्रमाणात आहे. बारीक पुडीचा सपाट छोटा चमचा साधारण २ ग्रॅम भरतो. ४ मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅमच्या वर गेली. मिठाईच्या एकूण वजनाच्या १ टक्का पूड पुरते, फार तर दीड टक्का. साखरेसह ६५० ग्रॅम माल होणार असेल तर ६ ग्रॅम, म्हणजे ३ सपाट छोटे चमचे. रंग फिका वाटतो म्हणून हात सैल सोडला की कडू होणारच. गडद रंग हवा असेल तर पूड चांगल्या प्रतीची घ्यावी लागते, नुसती जास्त घालून तो येत नाही.

आता प्रतीबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात. ‘ग्रीन टी पावडर’ या एकाच नावाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली खरी माचा. जपानात उजी, निशिओ अशा भागांत तोडणीआधी साधारण ३ आठवडे चहाच्या झुडपांवर सावली धरतात. सावलीत पानात हरितद्रव्य वाढतं आणि कडूपणा कमी राहतो. ही पानं वाफवून वाळवतात, देठ-शिरा काढतात आणि दगडी जात्यावर दळतात. एका जात्यावर तासाला जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते, म्हणून ती महाग असते. दुसरी वस्तू म्हणजे साधी हिरवी चहापत्ती यंत्रावर दळून केलेली पूड. ही पिवळट हिरवी, थोडी रवाळ आणि जास्त तुरट असते. तिसरी पाण्यात विरघळणारी, अर्क काढून केलेली पूड. तिच्यात बऱ्याचदा साखर किंवा स्टार्चपासून केलेली भर असते. ती पेयासाठी ठीक आहे, मिठाईत तिचा उपयोग नाही.

घरी ओळखायची रीत सोपी आहे. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पूड ठेवून बोटानं ओढा. माचाची गुळगुळीत, लांब, पोपटी-हिरवी रेघ उमटते. साध्या पुडीची रेघ तुटक येते, बोटाला कण लागतात आणि रंग खाकीकडे झुकतो. मग ग्लासभर थंड पाण्यात पाव चमचा ढवळून रात्रभर ठेवा. पानाची पूड विरघळत नाही, तळाशी बसते. काहीच बसलं नाही तर तो अर्क समजा. गाळ बसूनही वरचं पाणी भडक हिरवं राहिलं तर वेगळा रंग घातल्याची शंका घ्या, कारण हरितद्रव्य पाण्यात उतरत नाही. वासही महत्त्वाचा आहे. ताज्या पुडीला कोवळ्या पाल्याचा, किंचित गोडसर वास येतो. वाळल्या कुटारासारखा वास आला तर माल जुना आहे किंवा उन्हात पडून राहिला आहे. तुमच्या वर्णनावरून तुमची पूड दुसऱ्या प्रकारची असावी असं मला वाटतं. ती फेकू नका. तिचा उपयोग पुढे सांगते.

साठवणीत ऊन, उजेड, हवा आणि दमट हात यांपासून जपायचं. १०० ग्रॅमचं पाकीट एका घराला फार होतं. २०-२० ग्रॅमच्या पुड्या करून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. वापराच्या वेळी एकच पुडी बाहेर काढा आणि ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नका. थंड पुडी लगेच उघडली तर आत दव धरतं आणि गुठळ्या होतात. उघडलेली पुडी महिना-दीड महिन्यात संपवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि वीजही जात-येत असते. फ्रिज नसेल तर हिवाळ्यातच ३० ग्रॅमचं लहान पाकीट घ्या आणि उन्हाळ्यापूर्वी संपवा. मसाल्याच्या डब्याशेजारी मात्र कधीच ठेवू नका. चहा शेजारचा वास फार लवकर ओढून घेतो.

आता पेढा. सुरुवात यानंच करा, बर्फीपेक्षा यात चूक कमी होते. ५०० ग्रॅम ताजा खोवा, १५० ग्रॅम पिठीसाखर, ६ ग्रॅम पूड. म्हशीच्या दुधाचा खोवा पांढरा असतो, त्यावर हिरवा रंग स्वच्छ उठतो. गाईच्या पिवळसर खोव्यात तोच रंग पोपटी दिसतो. तेही वाईट नाही, फक्त आधी माहीत असावं. खोवा चाखून बघा. जिभेला जराही आंबूस लागला तर तो या कामाला घेऊ नका, कारण रंग तिथेच जाईल. मंद आंचेवर ८-१० मिनिटं खोवा हलवत परता. तो कडा सोडून गोळा व्हायला लागला की उतरवा आणि कोपरात (परातीत) पसरा. चुलीवर करत असाल तर निखाऱ्यावरच परता, ज्वाळ नको. या नाजूक चवीवर धूर लगेच बसतो.

तोवर पिठीसाखर आणि हिरवी पूड एकत्र करून बारीक चाळणीतून दोनदा चाळा. ही पायरी गाळू नका. पूड एकटी घातली तर तिच्या गुठळ्या होतात आणि पेढ्यात हिरवे-काळे ठिपके दिसतात. साखरेच्या कणांत ती सुटी होऊन सगळीकडे सारखी पसरते. खोव्यात बोट घालून ४-५ सेकंद आरामात ठेवता आलं की योग्य वेळ झाली. आता चाळलेलं मिश्रण तीन वेळा थोडं थोडं घालून तळहातानं मळा. खोवा याहून गरम असेल तर साखर विरघळून गोळा पातळ होतो आणि रंगही मंदावतो. पार गार झाला असेल तर पेढ्याला भेगा पडतात. तसं झालं तर चमचाभर कोमट दूध शिंपडून पुन्हा मळा. २५ ग्रॅमचे २५-२६ पेढे होतात. विलायची घालायची असेल तर २ दाण्यांची पूड पुरे, जास्त झाली तर चहाची चव दबते. केशर आणि जायफळ यात नको.

दूध आणि खोवा या पुडीला शोभतात, त्याचं कारणही आहे. दुधातलं प्रथिन चहातल्या तुरट द्रव्याला बांधून ठेवतं आणि स्निग्धांश कडूपणा मऊ करतो. म्हणून पांढऱ्या, स्निग्ध पदार्थांत ती खुलते: खोवा, ओलं खोबरं, दूधपावडर, काजू. भाजलेलं बेसन, तीळ, फल्लीदाणे, गूळ यांची स्वतःची चव दणकट असते. त्यांत ही पूड घालणं म्हणजे नुकसानच, चव हरवते आणि रंग मातकट होतो. शंकरपाळे तळतात, त्यातही नको. नानकटाईत चालते, पण भट्टीच्या आंचेनं रंग खाकी होणार हे धरून चाला. तुमची साधी पूड नेमकी इथे वापरा. २०० ग्रॅम मैद्याला ५ ग्रॅम घाला आणि कडा तांबूस व्हायच्या आत काढा. रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा वाढवू नका, चव साबणासारखी होते.

खोबऱ्याच्या वडीत अडचण वेगळी आहे. मिश्रण गार होईपर्यंत थांबलं तर ते घट्ट होतं आणि थापता येत नाही. त्यासाठी २०० ग्रॅम ओलं खोबरं, १५० ग्रॅम साखर आणि अर्धी वाटी दूध आटवून गोळा होऊ द्या. गॅस बंद करा आणि २-३ मिनिटं सराट्यानं हलवून वाफ जाऊ द्या. ५० ग्रॅम दूधपावडरीत ४ ग्रॅम हिरवी पूड आधीच चाळून ठेवलेली असावी. ती आणि चमचाभर तूप आता घाला, झटपट मिसळा आणि तूप लावलेल्या मोठ्या ताटात पातळ थापा. थर अर्ध्या इंचाहून जाड नको. गंजात ढीग तसाच ठेवला तर तो आतून तासभर गरम राहतो आणि तेवढ्यात मधला भाग मेंदी होतो. बाहेरून हिरवी आणि मधून तपकिरी वडी बऱ्याच जणींची होते, तिचं कारण हेच.

तुम्हाला संत्रं आणि हिरवा चहा एकत्र हवा आहे आणि ही जोडी खरंच छान आहे. फक्त रस घालायचा नाही. संत्र्याचा सुगंध सालीवरच्या तेलात असतो, आंबटपणा रसात. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, त्यामुळे फळ सोलण्याआधीच बारीक किसणीवर वरचा नारिंगी भाग हलक्या हातानं किसा. पांढरा भाग लागला की कडू होतं, तिथे थांबा. २५० ग्रॅम खोव्याला एका मध्यम संत्र्याची कीस पुरते. कीस मिसळलेल्या खोव्याचा हा नारिंगी थर ताटात थापून फ्रिजमध्ये तासभर बसू द्या, त्यावर सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस भुरभुरा आणि मग २५० ग्रॅम खोव्याचा हिरवा थर थापा. मधल्या खोबऱ्यामुळे दोन्ही थर एकमेकांत उतरत नाहीत. नागपूरची संत्रा बर्फी गराची असते, पण गराच्या थरावर हिरवा थर ठेवला तर दुसऱ्या दिवशी जोडावर तपकिरी रेघ दिसते. बागेतलं फळ असेल तर शेवटची फवारणी कधी झाली ते आधी आठवा. साल वापरायची असेल तेव्हा फवारणीनंतरचा लेबलवर दिलेला काळ पूर्ण झालेलाच हवा. फळ कोमट पाण्यात चोळून धुवा आणि पुसून कोरडं करा.

श्रीखंडही जमतं: ५०० ग्रॅम चक्का, ३५० ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम पूड दोन चमचे कोमट दुधात घोटून. चक्का आंबट असल्यामुळे रंग हळूहळू उतरतो, म्हणून त्याच दिवशी वाढा.

आता चहा. दूध फाटतं ते रसामुळे, सालीमुळे नाही. सकाळचं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं असेल तर ते आधीच आंबायला लागलेलं असतं, मग थोडासा रसही पुरतो. आंबिया बहाराची संत्री येतात त्या दिवसांत साली वाळवून ठेवा. चमच्यानं आतला पांढरा भाग खरवडा, साल बारीक चिरा आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी ४-५ दिवस वाळवा. उन्हात लवकर वाळते, पण तेल उडून जातं आणि हाती नुसता कडू भुसा राहतो. तुकडा वाकवल्यावर कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे, ती डब्यात बुरशी धरेल. १०० ग्रॅम पानाचा काळा चहा, १५ ग्रॅम वाळलेली साल आणि ४-५ ठेचलेल्या विलायच्या घट्ट डब्यात भरा आणि आठवडाभर ठेवा. चहा वास ओढतो हा त्याचा दोष इथे गुण ठरतो. दाणेदार चहा घेतला तर तो लवकर कडक उतरतो आणि संत्रं मागे पडतं. घरात तोच असेल तर चहा ६० ग्रॅमच घ्या.

बिनदुधाचा चहा करताना कपभर पाणी उकळून गॅस बंद करा, या मिश्रणाचा १ चमचा घाला आणि झाकून ३-४ मिनिटं ठेवा. झाकण महत्त्वाचं आहे, कारण जो वास घरभर पसरतो तो कपात राहत नाही. दुधाचाच हवा असेल तर मिश्रण पाण्यात १ मिनिट उकळा, दूध वेगळं तापवून वरून ओता आणि पुन्हा उकळी देऊ नका. अद्रक घालणार असाल तर ते दुधाच्या आधी पाण्यात ३-४ मिनिटं उकळलेलंच हवं. कच्च्या अद्रकात प्रथिनं तोडणारा घटक असतो, त्यानं दूध फाटतं. उकळीनं तो निकामी होतो.

कोणती चव कधी घालायची हे ती कशात आहे त्यावर ठरतं. सुंठ, अद्रक, दालचिनी ही मुळं आणि साली घट्ट असतात, त्यांना आधी आणि जास्त उकळी द्यायची. गवती चहाला मधली, २ कपांना ३-४ पाती गाठ मारून ३ मिनिटं. तुळस, पुदिना, संत्र्याची साल शेवटी, गॅस बंद केल्यावर. हिरवा चहा तर उकळत्या पाण्यात कधीच नाही. पाणी उकळल्यावर ४-५ मिनिटं उघडं ठेवा, मग पत्ती घाला आणि २ मिनिटांत गाळा. माचा पूड प्यायची असेल तर पाऊण चमचा चाळून दोन चमचे कोमट पाण्यात लहान रवीनं घोटा, मग पाणी वाढवा. उन्हाळ्यात पानाचा हिरवा चहा माठातल्या थंड पाण्यात भिजवून बघा. अर्धा लिटरला २ चमचे, ३ तास. थंड पाण्यात कडूपणा कमी उतरतो आणि चव गोडसर लागते. लिंबू प्यायच्या वेळी ग्लासात पिळा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. शहरात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जे लाल पेय विकतात, ते बहुतेक लाल अंबाडीच्या बोंडांचंच असतं. वावराच्या धुऱ्यावरची तीच लाल, मांसल बोंडं. बी काढून वरचं लाल आवरण कडक वाळवा, कपाला १ मोठा चमचा घ्या आणि उकळलेल्या पाण्यात ५ मिनिटं झाकून ठेवा. भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्या, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) नको, कारण हे पेय चांगलंच आंबट असतं. यात दूध घालू नका आणि हिरवी पूडही घालू नका, रंग गढूळ होतो. गूळ घालून हा चहा मला संत्र्याच्या चहापेक्षाही जास्त आवडतो.

पिण्याबद्दल एक काळजी मनापासून सांगते. काळा असो की हिरवा, चहा जेवणातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. घरात कुणाला रक्त कमी असेल, किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण आणि गोळी यांपासून चहा तासभर तरी लांब ठेवा. गरोदर बाईनं हिरव्या पुडीचं पेय रोज घेऊ नये, त्यात पूर्ण पान पोटात जातं आणि कॅफिनही जास्त असतं. वरच्या पेढ्यात मात्र नगाला पाव ग्रॅमच पूड येते, त्यामुळे मुलांना एखादा द्यायला हरकत नाही.

दिवाळीआधी १०० ग्रॅम खोवा, ३० ग्रॅम पिठीसाखर आणि अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडी जास्त पूड घेऊन एकदा करून बघा. तुमची पूड त्यात कडू वाटली तर पेढ्यासाठी चांगल्या प्रतीची २० ग्रॅम वेगळी घ्या. आणि आत्ता जी कडू बर्फी पडून आहे, ती दोन दिवसांच्या आतली असेल आणि वास बिघडला नसेल तर वाया जाणार नाही. ती कुस्करून दुप्पट ताज्या खोव्यात मंद आंचेवर परता, उतरवताना अर्ध्या किलोला २ मोठे चमचे कोको पूड आणि चवीपुरती पिठीसाखर घाला आणि थापा. काळपट रंग कोकोत झाकला जातो, आणि कोकोत थोडा कडूपणा असतोच, त्यामुळे तो खटकत नाही.